कच्चं लिंबू, इयत्ता आठवी

तीर्थस्वरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनानं. प्रत्यक्षात माझे गुडघे खुर्चीपर्यंतच वाकतात. त्याखाली गेले तर मला उठवायला तुमचे बंधू लागतात, आणि मग त्यांना उठवायला मी. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं चालू स्थितीत आहेत तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तुम्ही "मला काय धाड भरली आहे!" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून आता लेखी विचारते आहे. पाठदुखी, झोप आणि जेवण, तिन्हींचं वेगवेगळं कळवावं. नुसतं "ठीक" लिहिलंत तर गुण मिळणार नाहीत. वर्गात तुम्हीही देत नव्हतात असं ऐकून आहे.

इकडे मी बरी आहे. "आम्ही दोघं" असं लिहायची पद्धत आहे खरी, पण या खेपेला हात धजावत नाही. तुमच्या बंधूंचा मोतीबिंदू काढला तो डोळा आता छान आहे, भिंतीवरची पाल त्यांना माझ्याआधी दिसते. काळजी डोळ्याची नाही वन्सं, डोळ्याच्या वर जे असतं त्याची आहे. त्यांचं डोकं पूर्वीसारखं चालत नाहीये असा मला दाट संशय आहे, आणि हे तुमच्याखेरीज कुणाला सांगायचं? लेकाला सांगितलं तर तो तिकडून दहा डॉक्टरांची नावं पाठवील. म्हणून हे झोपलेत तोवर शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. आता मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा पाणी पिऊन निवांत बसा.

निवृत्त झाल्यावर हे कसे भिंतीकडे बघत बसायचे ते तुम्ही पाहिलंच आहे. सकाळी कपडे करून तयार, आणि जायला कुठे नाही. मग सायकलच्या दुकानावर ते शंकासमाधान केंद्र निघालं. मुलांनी फोनवरून एखाद्या ओळीचा प्रश्न पाठवायचा, गणिताचा नाहीतर विज्ञानाचा, आणि घरबसल्या मास्तरांनी दोन-तीन ओळींत उत्तर द्यायचं. यांना संभाव्यता आणि सामान्य विज्ञान दिलं. त्या दिवशी यांनी स्वतःच्या हातानं दोन कप चहा केला. (एक कप म्हणजे दुधातली साखर होती, पण मी ब्र काढला नाही.) मुलं तिथे खरं नाव न देता टोपणनावानं येतात. कुणी "शेवटचा बाक", कुणी "झोपाळू", एक आहे "राजीनामा". आठवीतल्या पोराला कसला राजीनामा द्यायचा आहे कोण जाणे.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी फोनकडे बघायची बंदी घातली, आणि तिथून माझी नेमणूक झाली. प्रश्न मी वाचून दाखवायचा, उत्तर हे खुर्चीत बसून सांगणार, आणि अंगठ्यानं टिपून पाठवणार मी. शाळेत मी ज्या विषयाला घाबरून शिवणकाम घेतलं तोच विषय म्हातारपणी माझ्या अंगठ्यात येऊन बसला. बरं, सांगायचं दोन ओळींत, पण तुमच्या बंधूंना दोन ओळींत "आलो" म्हणतासुद्धा येत नाही. एका मुलीनं विचारलं, नाणं उडवलं तर छापा पडायची संभाव्यता किती? मी म्हटलं, निम्मी लिहू का? तर म्हणाले, आधी नाणं म्हणजे काय ते लिही. केंद्रातली मुलगी (आवाजावरून विशीची असावी, पण दरारा मुख्याध्यापिकेचा) दर दोन दिवसांनी निरोप पाठवायची, "सर, कृपया थोडक्यात." हे त्या निरोपालाही सविस्तर उत्तर सांगायचे.

आणि नुसतं सांगून भागत नाही. घरी करून पाहिल्याशिवाय मुलांना काही सांगायचं नाही, हा त्यांचा शाळेतला नेम. तो त्यांनी निवृत्तीबरोबर शाळेत ठेवून यायला हवा होता, पण घरी आणला. बर्फ पाण्यावर का तरंगतो, असा प्रश्न आला. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फ हलका पडतो, एवढं सांगून विषय संपला असता. पण यांनी माझी काचेची बाटली काठोकाठ भरली, बूच आवळलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली. पाणी फुगलं. बाटलीला ते मान्य नव्हतं. मी काचा वेचत होते आणि हे मागे उभं राहून विचारत होते, तडा आधी बुडाशी गेला की मानेशी? दुसऱ्या एकानं विचारलं, आरशात डावं-उजवं उलटं होतं तर वर-खाली का होत नाही? लगेच मला हातात आमटीचा डाव देऊन कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. डावं-उजवं उलटतच नाही, पुढचं मागे होतं, हे त्यांनी मला इतकं छान समजावलं की ते समजेपर्यंत गॅसवरचं दूध पुढचं मागे न होता सगळं वरचं खाली आलं.

बटणांचं तर तुम्हाला सांगायलाच हवं. पिशवीत पाच लाल आणि तीन निळे चेंडू आहेत, न बघता एक काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न होता. घरात चेंडू नाहीत. बटणं आहेत, कारण मी कपडे शिवते, आणि डॉक्टरीणबाईंच्या नातीच्या कोटासाठी नेमकी पाच लाल बटणं बशीत काढून ठेवली होती. हे दुपारभर पिशवीत हात घालत होते, काढत होते, मोठ्यानं रंग म्हणत होते आणि परत टाकत होते. उत्तर पाच अष्टमांशाच्या जवळ आलं तेव्हा लहान मुलासारखे टाळ्या वाजवत आत आले, आणि त्या टाळ्यांत एक लाल बटण कपाटाखाली गेलं ते गेलंच. मला घाई, चष्मा कपाळावर. कोट गेला तो चार लाल आणि एक निळं बटण लावून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण नात त्या निळ्या बटणावर इतकी खूश झाली की तिच्या वर्गातल्या दोघींनी "एक चुकीचं बटण" लावलेले कोट शिवायला टाकले आहेत. म्हणजे मला बोलायचीही सोय राहिली नाही.

एवढं सगळं सोसूनही मी सुखात होते, कारण हे सुखात होते. पण परीक्षा संपल्या, प्रश्न कमी झाले, आणि जे येत ते थोडक्यात सांगणाऱ्या मास्तरांकडे जाऊ लागले. केंद्रातल्या मुलीनं कळवलं की ज्यांच्याकडे प्रश्न येत नाहीत त्यांची नावं कमी करावी लागतील. मागे फोनवर तुमच्याजवळ मी रडले ते तेव्हाच. हे पुन्हा कपडे करून भिंतीकडे बघायला लागले होते. फोन वाजला की मान वळायची, आणि तो विजेच्या बिलाचा निरोप असला की परत फिरायची. मला ते बघवत नव्हतं. त्यापेक्षा सगळ्या बाटल्या फुटलेल्या चालल्या असत्या.

आणि मग ते कच्चं लिंबू आलं.

"कच्चं लिंबू, इयत्ता आठवी." हेच त्याचं टोपणनाव. तुम्हाला फोन केला त्यानंतर दोन-चार दिवसांतच आलं, आणि तेव्हापासून रोज दुपारी चहाच्या वेळी हजर. देवच पावला असं मला वाटलं. पण वन्सं, काय आगाऊ कार्टं आहे हो! बाकीची मुलं उत्तर मिळालं की "थँक्यू सर" म्हणून पसार होतात. हे विचारतं, "असं का?" कारण सांगितलं की म्हणतं, "कशावरून?" एकदा तर चक्क लिहिलं, "पुन्हा विचार करा. आणि पाठ ताठ ठेवून बसा." मेल्याला काय ठाऊक हे वाकून बसतात ते! आईबापांनी वळण कसलं ते लावलेलंच दिसत नाही. घरात कुणी मोठं माणूस नसावं, नाहीतर भर दुपारी एवढा वेळ फोन हातात कोण देईल? एक दिवस प्रश्न काय, तर एका गृहस्थाच्या खणात चार काळे आणि तीन तपकिरी मोजे आहेत, तो आळसानं दिवा न लावता दोन मोजे काढतो, तर ते एका रंगाचे असण्याची संभाव्यता किती? मी वाचून दाखवलं आणि दोघांनी यांच्या पायांकडे पाहिलं. एक काळा होता, एक तपकिरी. मला तर घरावर कुणी पाळत ठेवून आहे की काय असं वाटून मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पण तेही चाललं असतं. खरी गोष्ट आता सांगते, जिच्यासाठी एवढा कागद काळा केला.

पंधरवड्यापूर्वी त्या कार्ट्यानं विचारलं, उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता कशी काढतात? यांनी शांतपणे सांगितलं, पाऊस पडेल किंवा पडणार नाही, शक्यता दोनच, म्हणून संभाव्यता निम्मी. मी अंगठा वर धरून थांबले. वन्सं, मी शिवणकामवाली, पण एवढं टिपून टिपून मलाही कळतं की शक्यता दोन असल्या म्हणून त्या सारख्या होत नाहीत. ह्याच चुकीसाठी तुम्ही वर्गात खडू फेकून मारायचात, ही गोष्ट हेच तर रंगवून सांगतात. मी विचारलं, असंच पाठवू? म्हणाले, पाठव. पाठवलं. कच्चं लिंबू असं काही उसळलं की विचारू नका! निरोपावर निरोप. चहा गार झाला, दिवेलागण झाली, तरी यांचं आणि त्याचं चाललेलंच.

मी मनाला समजावलं, चुकतं एखादं माणसाचं. पण दोन दिवसांनी पुन्हा. लागोपाठ पाच वेळा छापा पडला, आता काय पडेल? हे म्हणाले, आता काटाच पडणार, त्याची पाळी आहे. नाण्याला आठवण नसते, हे वाक्य यांनी माझ्याकडून इतक्या मुलांना पाठवून घेतलं आहे की झोपेतही मी ते बरोबर टिपीन. नाण्याला आठवण नसते हे सांगणारा माणूसच विसरायला लागला, तर मी कुणाकडे बघायचं? मग दोन फाशांचं आलं. बेरीज दोनपासून बारापर्यंत काहीही येऊ शकते, अकरा शक्यता, म्हणून सात आणि बारा दोन्ही सारख्याच, असं यांनी ठोकून दिलं. सात सहा तऱ्हांनी येते आणि बारा एकाच, हे यांनी मला मागे साखरेच्या खड्यांवर ठिपके काढून दाखवलं होतं. (फासे नव्हते. खडे नंतर चहात घातले. शाईचा चहा.) आणि गंमत बघा, त्याच दुपारी "शेवटचा बाक"नं फाशांचंच विचारलं तर त्याला अगदी अचूक सांगितलं. म्हणजे डोकं कधी चालतं, कधी बंद पडतं. आमच्या दिवाणखान्यातल्या पंख्यासारखं.

मी कुणाला काही बोलले नाही. रात्री यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सहज विचारते, आमच्या पहिल्या खोलीला किती पायऱ्या होत्या, घरमालकाच्या कुत्र्याचा रंग कोणता. सगळं बरोबर सांगतात, आणि वर मलाच विचारतात, तुझी तब्येत बरी आहे ना? मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. इतकी वर्षं यांच्या लांबलचक बोलण्याला मी वैतागत आले, पण वन्सं, ते बोलणं मध्येच तुटलं तर या घरात मी काय ऐकत बसू?

म्हणून एक विनंती. त्यांना अक्षरओळख तुम्ही करून दिलीत, पाढे तुम्ही पाठ करून घेतलेत. त्यांचं डोकं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुम्ही सहज म्हणून काही सोपे प्रश्न पत्रानं पाठवा, उत्तरं कशी येतात ते बघा, आणि मला खरं काय ते कळवा. मन घट्ट करून वाचीन. आणि त्या कच्च्या लिंबाला आवरायचा काही उपाय असला तर तोही सांगा. अशा पोरांना तुम्ही एका नजरेत गप्प करायचात.

प्रकृतीला जपावं. भावोजी गेल्यापासून तुम्ही एकट्या एवढ्या मोठ्या घरात आहात, त्याचा विचार इथे रोज होतो. इकडे या म्हटलं की "माझी माझी सोय आहे" म्हणता, म्हणून या वेळी म्हणत नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वन्सं, तोंडात मारून घेते आहे! पत्र पाकिटात घालण्याआधी यांनी ताईला दोन ओळी घालाव्यात म्हणून मी त्यांना जवळ बसवलं आणि पत्रातला निरुपद्रवी भाग वाचून दाखवला. बाटली, बटणं, आणि कच्चं लिंबू. आईबापांच्या वळणापाशी आले आणि हे असे हसायला लागले की चहा नाकातून आला. मग म्हणाले, अगं, तिचे आईबाप ते माझेही आईबाप. मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की लहानपणी प्रत्येक खेळात तुम्ही यांना कच्चं लिंबू ठेवायचात, कुणी यांच्यावर राज्य आणायला लागलं की मध्ये पडायचात. ते नाव या जगात तुमच्याशिवाय कुणाला सुचणार? आणि फोनवरून पाठ ताठ ठेवायला तुमच्याशिवाय कोण सांगणार? पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं होतं. मीच बावळट, पडदे ओढत बसले. वर जे जे लिहिलं आहे ते सगळं मागे घेते. नव्यानं लिहिलं असतं, पण अंगठा साफ कामातून गेला आहे, म्हणून तसंच पाठवते. (पण वन्सं, इयत्ता आठवी? या वयात?)

ता. ता. क. मग मी चुकांचं विचारलं. जरा रागानंच विचारलं, कारण पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. यांनी कप खाली ठेवला आणि (हे लक्षात घ्या, तीनच वाक्यांत) म्हणाले, "बरोबर उत्तर दिलं की ताई 'ठीक' म्हणते आणि जाते. चुकलं की तासभर थांबते. भावोजी गेल्यापासून ती कुणाशी तासभर बोलली असेल असं तुला वाटतं का?" यांचं डोकं ठणठणीत आहे वन्सं, माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षाही. धाकट्याला प्रश्न मिळावेत म्हणून तुम्ही रोज आठवीत बसता, आणि ताईला बोलायला मिळावं म्हणून हे रोज नापास होतात. आणि तुमच्या दोघांच्या मध्ये माझा एकटीचा अंगठा झिजतो. म्हणून वर "या वेळी म्हणत नाही" असं लिहिलं आहे ते खोडलं असं समजा. या. शिलाई मशीन मी आजच पॅसेजमध्ये हलवलं. खिडकीच्या खोलीत टेबल आहे, समोरासमोर दोन खुर्च्या आहेत, भांडायला उजेड भरपूर येतो. पंखाही दुरुस्त करून घेते. राहायला या, चार दिवसांसाठी नव्हे.

ता. ता. ता. क. (हे सांगताहेत, मी फक्त लिहिते आहे.) ताई, तू येशील किंवा येणार नाहीस. शक्यता दोनच, म्हणून तू येण्याची संभाव्यता निम्मी. उत्तर चुकलं असेल तर समोर येऊन दुरुस्त कर. येताना खडू आण.